पैसे संपायला सहा महिने उरले असताना: फाउंडर आणि गुंतवणूकदार यांच्यासाठी

स्टार्टअप अडचणीत आल्याची पहिली खूण बहुतेक वेळा ईमेलमध्ये दिसते. दर महिन्याच्या पाच तारखेला गुंतवणूकदारांना जाणारा अपडेट आधी पंधरा तारखेला जातो, मग दोन महिन्यांतून एकदा जातो आणि एक दिवस बंद होतो. फाउंडर ‘पुढच्या महिन्यात चांगली बातमी असेल, तेव्हाच लिहू’ असं ठरवतो. गुंतवणूकदाराला शंका येते, पण विचारलं तर आपण दबाव टाकतोय असं वाटेल म्हणून तोही गप्प बसतो. या गप्प बसण्यात तीन-चार महिने जातात, आणि सगळे पर्याय खुले असण्याचे महिने नेमके तेच असतात.

पुणे, मुंबई, नाशिक किंवा कोल्हापुरात प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढून, ओळखीच्या लोकांकडून आणि एंजल गुंतवणूकदारांकडून (सुरुवातीच्या टप्प्यात स्वतःचे पैसे घालणाऱ्यांकडून) एक ते पाच कोटी रुपये उभे केलेल्या, दहा ते तीस माणसांच्या टीमसाठी हा लेख आहे. कंपनी वाचवायची की आवरायची हे अजून ठरलेलं नाही, असं गृहीत धरलं आहे. दोन्ही वाटांची पहिली पावलं सारखीच असतात.

आधी खरा आकडा काढा

‘बँकेत ८४ लाख आहेत, महिन्याला साडेबारा लाख जातात, म्हणजे साडेसहा महिने आहेत’ हा हिशोब जवळजवळ प्रत्येक जण करतो आणि तो जवळजवळ प्रत्येक वेळी चुकतो. बँकेतले सगळे पैसे कंपनीचे नसतात. एक उदाहरण मांडून बघू.

खात्यात ८४ लाख. त्यातून ग्राहकांकडून घेतलेला पण अजून न भरलेला जीएसटी ३.२ लाख, पगारातून कापलेला टीडीएस आणि पीएफ १.८ लाख, आणि वर्षभराची आगाऊ रक्कम देणाऱ्या ग्राहकांना अजून न पुरवलेल्या सेवेचे ९ लाख बाजूला काढा. हे १४ लाख दुसऱ्यांचे आहेत. उरले ७० लाख.

आता कंपनी उद्याच बंद करायची झाली तर किती लागतील ते मांडा. १४ जणांचा एक महिन्याचा नोटीस पगार ९.५ लाख, शिल्लक रजा आणि कपातीची भरपाई ४ लाख, पुरवठादारांची थकबाकी ३ लाख, ऑफिसच्या नोटीस काळाचं भाडं १.५ लाख, सीए, कंपनी सेक्रेटरी आणि वकील मिळून २ लाख. एकूण २० लाख. कोणाची सलग पाच वर्षं भरली असतील तर ग्रॅच्युइटी वेगळी धरा. उरले ५० लाख. साडेबारा लाखांनी भागलं की चार महिने येतात. साडेसहा आणि चार यांतला फरक म्हणजे एक पूर्ण निधी-फेरीचा वेळ.

महिन्याचा निव्वळ खर्च काढताना बिलं किती पाठवली हे धरू नका, खात्यात किती आले ते धरा, आणि तेही गेल्या तीन महिन्यांची सरासरी काढून. मोठ्या कंपन्यांकडून येणी ६० ते ९० दिवस रखडतात. तुमची उद्यम नोंदणी सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून असेल आणि तुम्ही उत्पादन किंवा सेवा देत असाल, तर एमएसएमई कायद्याने लेखी करार असला तरी ४५ दिवसांत आणि नसला तर १५ दिवसांत पैसे मिळायला हवेत. उशीर होऊन आर्थिक वर्ष संपेपर्यंतही पैसे दिले नाहीत, तर खरेदीदाराला त्या वर्षी तो खर्च प्राप्तिकरात दाखवता येत नाही. मार्च जवळ आला की ही एक ओळ त्यांच्या अकाउंट्स विभागाला सभ्य शब्दांत लिहिली, तर पुष्कळदा अडकलेलं बिल सुटतं.

चार महिन्यांचा तो शेवटचा दिवस कॅलेंडरवर लिहा. तो निर्णयाचा दिवस. त्या दिवसापर्यंत नवा पैसा खात्यात आला नसेल किंवा विक्रीचा करार सहीला आला नसेल, तर आवरायला सुरुवात करायची. ही तारीख आज, डोकं शांत असताना ठरवायची. त्या आठवड्यात ठरवायला बसलात तर ‘अजून पंधरा दिवस थांबू’ म्हणायला दर वेळी एखादं कारण सापडतं, आणि ते पंधरा दिवस कर्मचाऱ्यांच्या नोटीस पगारातून जातात.

सहसंस्थापकाशी आणि घरी बोलणं

गुंतवणूकदारांना फोन करण्याआधी हे दोन संवाद झाले पाहिजेत.

सहसंस्थापक दोघे असोत की तिघे, प्रत्येकाने वेगळ्या कागदावर, एकमेकांना न विचारता चार उत्तरं लिहावीत. मी अजून स्वतःचे किती पैसे घालू शकतो, शून्य हेही उत्तर चालेल. पगाराशिवाय मी किती महिने काढू शकतो? विक्री झाली तर खरेदीदार कंपनीत मी नोकरी करेन का, आणि किती काळ? आणि उद्या कंपनी बंद झाली तर मला सर्वांत जास्त भीती कशाची वाटते? मग कागद अदलाबदल करून वाचा. कागदावर लिहायला सांगण्याचं कारण आहे. तोंडी बोलताना ज्याचा आवाज मोठा त्याच्या उत्तराकडे बाकीचे झुकतात, आणि ज्याच्या घरी गृहकर्ज आहे, लहान मूल आहे किंवा आजारी वडील आहेत तो ‘मीही तयार आहे’ म्हणून मोकळा होतो. तीन महिन्यांनी त्याच माणसाचा स्फोट होतो आणि सगळ्यांना वाटतं की हे अचानक झालं.

घरी सांगताना ‘थोडं टाईट आहे’ असं मोघम सांगू नका. बायकोला, नवऱ्याला, आईवडिलांना निर्णयाची तारीख आणि घरखर्चाला हाताशी असलेली रक्कम सांगा. मराठी मध्यमवर्गीय घरात बऱ्याचदा वडिलांच्या निवृत्तीच्या पैशातला काही भाग कंपनीत गेलेला असतो आणि त्याला कागद नसतो. तो हातउसना दिला होता, कर्ज होतं की शेअरचे पैसे होते, हे आत्ताच स्पष्ट करून बँकेच्या नोंदीशी ताडून घ्या. कंपनीच्या ताळेबंदात ‘संचालकांकडून कर्ज’ असं दिसत असेल तर त्याची परतफेड केव्हा होणार, इतर देण्यांच्या आधी की नंतर, याचं उत्तर तयार हवं. बंद होण्याच्या तोंडावर घरच्यांचे पैसे आधी फेडले आणि पुरवठादारांचे राहिले, तर ते पुढे फार अडचणीचं ठरतं.

याच आठवड्यात स्वतःच्या सीमा लिहून काढा. क्रेडिट कार्डावर पगार करायचे नाहीत. वैयक्तिक कर्ज काढून कंपनीत घालायचं नाही. आईवडील राहतात ते घर गहाण ठेवायचं नाही. आणि तुम्ही कुठे वैयक्तिक हमीदार म्हणून सही केली आहे ते शोधा: ओव्हरड्राफ्ट, लॅपटॉपचं लीज, ऑफिसचा करार, कंपनीचं क्रेडिट कार्ड. लिमिटेड कंपनीची देणी सहसा भागधारकाच्या घरापर्यंत येत नाहीत. वैयक्तिक हमी दिली असेल तिथे येतात. ही यादी डोळ्यांसमोर असली की रात्रीची भीती आकारात येते, कारण ‘सगळं जाईल’ या वाक्याच्या जागी एक रक्कम येते.

गुंतवणूकदारांना कसं सांगायचं

आकडा निघाल्यापासून सात दिवसांच्या आत सांगा. आधी ज्याचा चेक सर्वांत मोठा आहे किंवा जो तुमच्या बोर्डावर आहे त्याला फोन करा. त्यानंतर ४८ तासांत सगळ्यांना एकच मजकूर लेखी पाठवा. पाच लाख देणाऱ्या मामेभावाला आणि पन्नास लाख देणाऱ्या फंडाला वेगवेगळी चित्रं दाखवू नका. एंजल मंडळी एकमेकांशी बोलतात. आकडे जुळले नाहीत, तर व्यवसायाविषयीची चर्चा तिथेच थांबते आणि विश्वासाची सुरू होते.

फोनआधी शेअरहोल्डर करार काढून ‘राखीव विषयां’ची यादी वाचा. नवं कर्ज, व्यवसाय बदलणं, मालमत्ता विकणं, ठराविक पगारावरच्या माणसांना काढणं अशा गोष्टींना गुंतवणूकदाराची लेखी संमती लागते, असं त्यात बहुधा असतं. घाईत ती न घेता निर्णय घेतला तर चांगला निर्णयही करारभंग ठरतो.

लेखी मजकूर एका पानाचा असावा. नमुना असा:

‘नमस्कार. ३१ तारखेला खात्यात ८४ लाख होते. देणी आणि बंद करण्याचा खर्च बाजूला ठेवून वापरता येण्याजोगे ५० लाख आहेत, म्हणजे चार महिने. गेल्या दोन तिमाहींत नवे ग्राहक ठरवल्यापेक्षा निम्मे आले. कारण आमच्या मते असं: साखर कारखान्यांतला खरेदीचा निर्णय गळीत हंगाम संपल्यावरच होतो, आणि आम्ही तो वर्षभर होईल असं धरलं होतं. पुढच्या सोमवारपासून आमचे पगार निम्मे करत आहोत. तीन पर्यायांवर एकाच वेळी काम सुरू आहे: ६० लाखांची मधली फेरी (पुढच्या मोठ्या निधीपर्यंत पुरणारी छोटी निधी-फेरी), दोन कंपन्यांशी विक्रीची बोलणी, आणि कर्मचाऱ्यांचे पूर्ण पैसे देऊन व्यवस्थित बंद करणं. निर्णयाची तारीख ३० सप्टेंबर. तुमच्याकडून दोन गोष्टी हव्यात: मधल्या फेरीत सहभागी होणार की नाही, हे १५ तारखेपर्यंत, आणि सोबतच्या यादीतल्या कोणत्या कंपनीत तुमची ओळख आहे ते. गुरुवारी संध्याकाळी सहा वाजता सगळ्यांसाठी कॉल ठेवला आहे.’

यात माफी मागितलेली नाही आणि बाजारालाही दोष दिलेला नाही. चूक कुठे झाली ते एका वाक्यात सांगितलं आहे. ‘आम्ही प्रचंड मेहनत घेत आहोत’ हे वाक्य गाळा. ते कोणी नाकारत नसतं, आणि ते लिहिलं की वाचणाऱ्याला सांत्वन करावं लागतं, मग मदतीचं बाजूला राहतं.

एक सीमारेषा इथे ठळक करायला हवी. धंदा बुडणं हा गुन्हा नाही. खोटे आकडे दाखवून पैसे घेणं हा आहे. जानेवारी २०२३ मध्ये गाड्यांची दुरुस्ती करून देणाऱ्या गोमेकॅनिक या स्टार्टअपच्या एका सहसंस्थापकाने आर्थिक अहवाल देताना गंभीर चुका झाल्याचं जाहीरपणे मान्य केलं. कंपनीने सुमारे ७० टक्के कर्मचारी कमी केले आणि काही आठवड्यांत ती विकली गेली. अडचणीच्या महिन्यांत तोंडी ‘हो’ म्हणालेल्या ग्राहकाला पक्का ग्राहक म्हणून दाखवण्याचा मोह होतो. तो आकडा नव्या चेकसाठी वापरला गेला की पुढचा वाद कराराचा राहत नाही.

गुंतवणूकदाराने काय करायचं

असा मेल आला की पहिल्या २४ तासांत दोन ओळींचं उत्तर द्या: ‘मेल मिळाला. वेळेवर सांगितलंत, बरं झालं. गुरुवारी बोलू.’ रात्री अकरा वाजता प्रश्नांची मालिका पाठवू नका. फाउंडर तेव्हा बहुधा जागाच असतो, आणि तुमचे प्रश्न वाचून उरलेली रात्रही जागतो.

कॉलवर ‘हे आधी का नाही सांगितलं?’ हा प्रश्न विचारायचा असेल तर शेवटी विचारा. सुरुवातीला विचारला तर पुढचा तासभर फाउंडर स्वतःचा बचाव करेल आणि तुम्हाला खरी माहिती मिळणार नाही. आधी विचारा: पुढच्या ३० दिवसांत पगार, पीएफ आणि कर वेळेवर जाणार का? सर्वांत आधी कोण सोडून जाईल असं वाटतं? झोप किती होते?

पैशांबद्दल हो किंवा नाही, तारखेसह सांगा. नवे पैसे घालणार नसाल तर तसं स्पष्ट सांगणं हीच मदत आहे. ‘बघू’, ‘बाकीचे आले तर मीही’ या उत्तरांनी फार नुकसान होतं, कारण प्रत्येक जण दुसऱ्याकडे बघत राहतो आणि फाउंडर त्या सगळ्या ‘बघू’ची बेरीज करून फेरी होईल असं समजतो. पाच-सात एंजल असतील तर एकाला बोलणीसाठी नेमा. प्रत्येकाचा वेगळा सल्ला, कोणी म्हणतं दर वाढवा, कोणी म्हणतं दर कमी करा, ऐकत बसण्यात फाउंडरचा आठवडा जातो.

गुंतवणूकदाराच्या मनातही काही चाललेलं असतं आणि त्यावर कोणी बोलत नाही. ज्याने आपल्या शब्दावर चार मित्रांना या कंपनीत आणलं, त्याला स्वतःच्या पैशांपेक्षा त्या चौघांच्या तोंडाला तोंड देण्याची लाज जास्त वाटते. ती लाज रागाच्या रूपाने फाउंडरवर निघते. उपाय साधा आहे: ज्यांना आणलं त्यांना तुम्हीच फोन करा, फाउंडरचा मेल जायच्या दिवशीच, आणि रक्कम बुडण्याची शक्यता स्पष्ट शब्दांत सांगा. सुरुवातीच्या टप्प्यातली बहुतेक गुंतवणूक परत येत नाही हे पैसे घालताना सगळ्यांना ठाऊक असतं, तरी ऐकताना ते नवीनच वाटतं.

मधली फेरी, विक्री, आणि त्यातलं गणित

मधल्या फेरीचे पैसे ‘उद्या ट्रान्सफर करतो’ म्हणून येत नाहीत. खासगी वाटपाने शेअर द्यायचे तर बोर्डाचा ठराव, भागधारकांचा विशेष ठराव, पीएएस-४ हे ऑफरपत्र, स्वतंत्र बँक खात्यात पैसे, ६० दिवसांत वाटप आणि वाटपानंतर १५ दिवसांत पीएएस-३ अर्ज, असा क्रम आहे. पीएएस-३ भरला जाईपर्यंत ते पैसे वापरता येत नाहीत. अधिकृत भांडवल (कंपनीला जास्तीत जास्त जेवढ्या रकमेचे शेअर काढता येतात ती मर्यादा) कमी असेल तर ते वाढवण्याचं काम आधी. सगळं सुरळीत झालं तरी चार-पाच आठवडे धरा. पगाराला आठ दिवस असताना सुरू केलेली फेरी त्या पगाराला उपयोगी पडत नाही.

कन्व्हर्टिबल नोटची, म्हणजे पुढे शेअरमध्ये बदलता येणाऱ्या कर्जाची, सूचना हमखास येते. ती डीपीआयआयटीची (केंद्र सरकारच्या उद्योग संवर्धन विभागाची) मान्यता असलेल्या स्टार्टअपलाच देता येते आणि एका व्यक्तीकडून एका हप्त्यात किमान २५ लाख लागतात. पाच-पाच लाख देणाऱ्या सहा जणांसाठी ती वाट बंद आहे. त्यांच्यासाठी पुढे साध्या शेअरमध्ये सक्तीने रूपांतरित होणारे प्रेफरन्स शेअर योग्य. न्यू जर्सीतल्या आतेभावाचे पैसे येणार असतील तर शेअरवाटपानंतर ३० दिवसांत रिझर्व्ह बँकेकडे परदेशी पैशांची माहिती देणारा एफसी-जीपीआर अर्ज भरायचा असतो, हे सीएला आधीच सांगून ठेवा. एक दिलासा असा की पूर्वी डोक्यावर टांगलेला एंजल टॅक्स (वाजवी किमतीपेक्षा चढ्या भावाने शेअर दिल्यास लागणारा कर) १ एप्रिल २०२५ पासून रद्द झाला आहे.

मधली फेरी मागताना ‘हे पैसे आम्हाला कुठे पोचवतील?’ याचं एका वाक्यात उत्तर द्या. सहा महिन्यांपेक्षा कमी काळ पुरणारी रक्कम घेऊ नका. तीन महिन्यांच्या पैशांत पुन्हा हेच पत्र लिहावं लागतं, फक्त या वेळी जास्त लोकांना.

विक्रीची बोलणी समांतर चालू ठेवा, एकीवर विसंबू नका. मराठीसह अनेक भारतीय भाषांत चालणारं ‘कू’ हे ॲप जुलै २०२४ मध्ये बंद झालं, तेव्हा मोठ्या कंपन्यांशी भागीदारीची बोलणी फिसकटल्याचं संस्थापकांनी सांगितलं होतं. मोठ्या खरेदीदाराला घाई नसते. तुमचा रनवे, म्हणजे पैसे किती महिने पुरतील हे, त्याला कळलं की तो थांबतो. म्हणून हेतुपत्रात (खरेदीचा इरादा कळवणाऱ्या प्राथमिक पत्रात) बोलणी पूर्ण करण्याची तारीख आणि ‘दुसऱ्याशी बोलणार नाही’ या अटीचा काळ ३० दिवसांपेक्षा जास्त नको.

विक्रीत मन सर्वांत जास्त दुखावणारी जागा म्हणजे लिक्विडेशन प्रेफरन्स, म्हणजे विक्रीच्या पैशांतून गुंतवणूकदारांना आपली रक्कम आधी मिळण्याचा हक्क, आणि बऱ्याच फाउंडरना तिचा अर्थ पहिल्यांदा विक्रीच्या टेबलावर कळतो. समजा गुंतवणूकदारांनी ३ कोटी घातले आहेत आणि त्यांना एकपट प्रेफरन्स आहे. कंपनी २.६ कोटींना विकली जाते. ३० लाखांची देणी भागवली, उरले २.३ कोटी. हे सगळे गुंतवणूकदारांकडे जातात. ६५ टक्के शेअर असलेल्या फाउंडरना शून्य, ईसॉप (कर्मचाऱ्यांना दिलेले शेअर घेण्याचे हक्क) असलेल्या पहिल्या पाच कर्मचाऱ्यांना शून्य. कराराप्रमाणे हे बरोबर आहे. तरी याच टप्प्यावर खरेदीदार म्हणतो की फाउंडर दोन वर्षं आमच्याकडे काम करणार असतील तरच व्यवहार होईल. म्हणजे ज्यांना काही मिळणार नाही त्यांच्या सहीवर बाकीच्यांचे २.३ कोटी अवलंबून असतात.

इथे दोन्ही बाजूंनी एकमेकांना लोभी ठरवण्याआधी एक सोपी तजवीज करता येते: देणी भागवून उरलेल्या विक्रीच्या रकमेतला ठराविक हिस्सा, समजा १० टक्के, प्रेफरन्सच्या आधी टीमसाठी बाजूला काढायचा. वरच्या उदाहरणात ते २३ लाख होतात. त्यातले किती फाउंडरना आणि किती ईसॉपवाल्यांना हेही तेव्हाच लिहून घ्या. ही मागणी फाउंडरने बोलणी सुरू होण्याआधी, निर्णयाच्या तारखेच्या पत्रातच करावी. किंमत ठरल्यावर केली तर ती अडवणूक वाटते. गुंतवणूकदारांनी आपणहून सुचवली तर अधिक उत्तम: तेवढ्या रकमेत टीम शेवटपर्यंत मनापासून काम करते आणि व्यवहार पूर्ण होण्याची शक्यता वाढते.

विक्रीचे पैसे शेअरच्या मोबदल्याऐवजी फाउंडरच्या नोकरीच्या बोनसमध्ये टाकण्याची सूचना खरेदीदाराकडून आली तर ती सर्व गुंतवणूकदारांना लेखी कळवा. फाउंडरला वेगळे पैसे मिळाले हे मागाहून बाहेर आलं की वर्षानुवर्षांचे संबंध तुटतात.

पगार, कपात आणि हात न लावायचे पैसे

कर्मचाऱ्यांच्या पगारातून कापलेला टीडीएस पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत (मार्चचा ३० एप्रिलपर्यंत), पीएफ १५ तारखेपर्यंत, मासिक जीएसटी विवरणपत्र २० तारखेपर्यंत. पैसे कमी असताना पहिला मोह या तीन रकमा ‘एक महिना पुढे ढकलू’ असा होतो, कारण तगादा लावायला तिथे कोणी माणूस नसतो. पण पगारातून कापलेला पीएफ किंवा टीडीएस न भरणं हे फौजदारी कारवाईपर्यंत जाऊ शकतं, आणि प्रायव्हेट कंपनीच्या थकलेल्या कराची वसुली संचालकांकडूनही होऊ शकते. त्यामुळे घरभाडं थकलं तरी चालेल, हे थकता कामा नये. या रकमा पगाराच्या दिवशीच वेगळ्या खात्यात टाका.

पगारकपात करायची तर वरून सुरू करा: फाउंडर ५० टक्के, वरिष्ठ २० टक्के, महिना ४० हजारांच्या खाली कोणालाही नाही. प्रत्येकाची लेखी संमती घ्या आणि राहिलेली रक्कम देणं म्हणून नोंदवा की माफ झाली, ते स्पष्ट लिहा. माणसं कमी करायची तर एकदाच, आणि गरजेपेक्षा थोडी जास्त. दर महिन्याला दोघं-तिघं कमी होत गेली की उरलेले सगळे नोकरी शोधायला लागतात आणि सर्वांत चांगले आधी जातात.

सांगायचा दिवस मंगळवार किंवा बुधवार ठेवा. शुक्रवारी सांगितलं तर माणूस दोन दिवस एकटा पडतो आणि विचारायला कोणी भेटत नाही. समोरासमोर, पंधरा मिनिटं, पहिल्या मिनिटात मुख्य वाक्य: ‘तुझी भूमिका आपण बंद करतोय, शेवटचा दिवस ३०.’ मग हातात कागद: किती पैसे, कोणत्या तारखेला, आरोग्य विमा कधीपर्यंत, ईसॉपचं काय, अनुभवपत्र कधी. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेनुसार नोकरी संपल्यापासून कामकाजाच्या दोन दिवसांत वेतन चुकतं करायचं असतं, म्हणून हा पैसा आधीच बाजूला हवा. कायद्यातल्या ‘कामगार’ व्याख्येत बसणाऱ्या, वर्षभर सलग काम केलेल्या माणसाला एक महिन्याची नोटीस आणि प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचं वेतन अशी भरपाईही द्यावी लागते. कोण त्यात बसतं ते कामगार सल्लागाराकडून तपासून घ्या. ‘आपण एक कुटुंब आहोत’ असं दोन वर्षं म्हणत आला असाल तरी त्या खोलीत ते म्हणू नका.

शरीर आणि मन

हे चार महिने रोज काम करता यावं म्हणून काही गोष्टी ठरवूनच कराव्या लागतात. रात्री नऊनंतर पैशांचा कोणताही निर्णय घ्यायचा नाही आणि गुंतवणूकदारांना मेल पाठवायचा नाही. लिहून ठेवा, सकाळी वाचून पाठवा. बँकेचं ॲप दिवसातून एकदाच, सकाळी उघडा. आठवड्यातून एक जेवण अशा माणसाबरोबर करा ज्याचा कंपनीत पैसा नाही आणि ज्याला तुमच्याकडून काही नको आहे. सकाळी अर्धा तास चालायला जा, फोन घरी ठेवून.

काही खुणा दोन आठवडे टिकल्या तर डॉक्टरकडे जायला हवं: पहाटे तीन-चारला जाग येऊन पुन्हा झोप न लागणं, जेवणावरची वासना जाणं किंवा सतत खात राहणं, फोन वाजला की छातीत धडधड, रोजची दारू, मुलांवर विनाकारण ओरडणं, आवडत्या गोष्टींत काहीच न वाटणं. कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या मायकेल फ्रीमन यांच्या २०१५ च्या अभ्यासात सहभागी उद्योजकांपैकी ४९ टक्क्यांनी आयुष्यात कधीतरी मानसिक आजार झाल्याचं आणि ३० टक्क्यांनी नैराश्य आल्याचं सांगितलं होतं. ज्या खोलीत दोन फाउंडर बसलेत तिथे हा विषय आधीपासून हजर असण्याची शक्यता बरीच आहे.

‘माझ्याशिवाय सगळ्यांचं बरं होईल’, ‘विम्याचे पैसे तरी मिळतील’ असं वाक्य कोणाच्या तोंडून आलं, तर ते बोलण्याच्या ओघात आलं असं समजून सोडू नका. सरळ विचारा: ‘जीव द्यायचा विचार मनात येतो का?’ असं विचारल्याने तो विचार डोक्यात घातला जात नाही, उलट बोलायला जागा मिळते. उत्तर हो असेल तर त्या माणसाला एकटं सोडू नका, घरच्यांना कळवा आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडे किंवा जवळच्या रुग्णालयात न्या. टेलि-मानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य आहे आणि मराठीतही बोलता येतं. हे विचारण्याची जबाबदारी सहसंस्थापकाची आहे तशीच गुंतवणूकदाराचीही. बोर्डाच्या बैठकीनंतर दहा मिनिटं, आकड्यांचा कागद बाजूला ठेवून, ‘तू कसा आहेस?’ एवढं विचारायला कोणताही करार आड येत नाही.

लोक काय म्हणतील, ही भीती आपल्याकडे विशेष. गणपतीत सगळे नातेवाईक जमणार आणि ‘कंपनी कशी चाललीय?’ विचारणार. एक वाक्य आधीच ठरवून ठेवा: ‘कंपनी आवरतोय, सगळ्यांचे पैसे देऊन. दिवाळीनंतर पुढचं बघेन.’ त्यानंतर विषय बदला. प्रत्येकाला पूर्ण कारण सांगायची गरज नाही.

बंद करायचं ठरलं तर

कुलूप लावून निघून जाणं सर्वांत महाग पडतं. सलग तीन वर्षं वार्षिक विवरणपत्रं भरली नाहीत तर संचालक पाच वर्षांसाठी अपात्र ठरतात, म्हणजे पुढची कंपनी काढायची वाटच बंद होते.

देणी पूर्ण भागवता येत असतील तर नाव काढून टाकण्याचा अर्ज, एसटीके-२, हा सर्वसाधारण मार्ग. त्यासाठी लागोपाठ दोन आर्थिक वर्षं व्यवसाय बंद असावा लागतो, तोवर कंपनी कागदावर जिवंत ठेवण्याचा खर्च धरा. अर्जाची फी १० हजार. सोबत संचालकांचा नुकसानभरपाईचा बाँड, प्रतिज्ञापत्र, सीएने प्रमाणित केलेलं ३० दिवसांच्या आतलं हिशेबपत्रक आणि विशेष ठराव किंवा ७५ टक्के भांडवलधारकांची संमती. धंदा बंद झाला त्या वर्षापर्यंतची सगळी विवरणपत्रं आधी भरलेली हवीत. हे अर्ज २०२३ पासून मानेसरच्या सी-पेस केंद्रात हाताळले जातात. देणी आणि मालमत्ता दोन्ही बऱ्यापैकी असतील आणि सगळी देणी फिटणार असतील, तर दिवाळखोरी संहितेच्या कलम ५९ खालची ऐच्छिक अवसायन (कंपनी स्वतःहून गुंडाळण्याची) प्रक्रिया अधिक स्वच्छ. देणी फिटणारच नसतील तर पहिल्या दिवसापासून वकील सोबत घ्या.

जीएसटी नोंदणी रद्द झाल्यावर तीन महिन्यांत जीएसटीआर-१० हे अंतिम विवरणपत्र भरायचं असतं, बरेच जण ते विसरतात आणि विलंब शुल्क वाढत जातं. पीएफ खातं, दुकान नोंदणी, डोमेन, क्लाउडची वर्गणी यांची यादी करून एकेक बंद करा. बँक खातं शेवटी. ग्राहकांना त्यांचा डेटा उतरवून घ्यायला किमान ३० दिवस द्या. हिशेबाची पुस्तकं आठ वर्षं जपायची असतात, ती कोणाच्या ताब्यात राहतील ते नावानिशी लिहा.

एंजल गुंतवणूकदारांनी एसटीके-२ जाण्याआधी आपल्या सीएला विचारावं. शेअर नाममात्र किमतीला विकून तोटा दाखवणं आणि कंपनीचं नावच पटलावरून गेल्यावर तो दाखवायला जाणं, या दोन गोष्टी करखात्यापुढे सारख्या नाहीत.

शेवटचा मेल सगळ्या गुंतवणूकदारांना एकाच वेळी जावा: किती पैसे आले, कुठे गेले, कोणाचं देणं उरलं नाही, कोणती तारीख अजून बाकी आहे, आणि कागदांसाठी पुढची दोन वर्षं कोणाला फोन करायचा. सोबत हिशेबपत्रक जोडा.